भावना, ताण आणि प्रेरणा: सिद्धांत शिकताना आणि वापरताना या चुका टाळा

‘थोडा ताण असलेला बरा, हे यर्क्स-डॉडसन नियमाने सिद्ध झालं आहे.’ हे वाक्य बी.ए.च्या उत्तरपत्रिकेत सापडतं, बी.एड.च्या टिपणांत सापडतं आणि कंपनीतल्या प्रशिक्षणाच्या स्लाइडवरही सापडतं. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांच्या १९०८ सालच्या प्रयोगात मात्र एकही माणूस नव्हता आणि ताण कुणी मोजलाही नव्हता. तिथे होते उंदीर, एक पांढरी पेटी, एक काळी पेटी आणि विजेचा झटका. उंदराने पांढरी पेटी निवडायला शिकायचं. काळीत शिरला की झटका. संशोधकांनी दोन गोष्टी बदलून पाहिल्या: झटक्याचा जोर, आणि प्रकाश कमी-जास्त करून दोन पेट्यांमधला फरक ओळखण्याची काठिण्यपातळी. फरक सहज दिसत होता तेव्हा झटका जितका जोरदार तितकं शिकणं वेगाने झालं. उलट्या ‘यू’ आकाराचा तिथे मागमूस नाही. फरक ओळखणं अवघड झालं तेव्हा मात्र मध्यम झटका सर्वांत उपयोगी ठरला.

मग पुस्तकातली ती गुळगुळीत वक्ररेषा आली कुठून? १९५५ मध्ये डोनाल्ड हेब यांनी मेंदूच्या उत्तेजनाची पातळी आणि कामगिरी यांचा उलट्या ‘यू’सारखा संबंध मांडला. पुढे ही रेषा आणि उंदरांचा जुना प्रयोग एकत्र बांधले गेले, ‘झटका’ या शब्दाच्या जागी आधी ‘उत्तेजन’, मग ‘चिंता’ आणि शेवटी ‘ताण’ बसला. परीक्षेत लिहायचं असेल तर प्राणी, साल आणि काठिण्यपातळीची अट या तिन्ही गोष्टी लिहा. घरात किंवा वर्गात वापरायचं असेल तर आधी काम किती अवघड आहे ते विचारा. पाठ झालेले पाढे घड्याळ लावून म्हणून घेणं वेगळं. ज्या मुलाला अपूर्णांक आजच पहिल्यांदा समजत आहेत त्याच्यासमोर घड्याळ ठेवणं वेगळं.

या विषयातल्या बहुतेक चुकांचं मूळ असंच असतं. सिद्धांत कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला आला आणि त्यासाठी नेमकं काय मोजलं गेलं, हे विसरलं जातं, आणि उरतं फक्त नाव. पुढे ज्या चुका दिल्या आहेत त्या विद्यार्थ्यांच्या लेखनात, समुपदेशनाच्या खोलीत आणि मनुष्यबळ विभागात सारख्याच दिसतात.

भावनेच्या सिद्धांतांची ‘साखळी’ लावणे

नेहमीचं उत्तर असं असतं: जेम्स-लँग यांनी एक म्हटलं, कॅनन-बार्ड यांनी ते खोडलं, शॅक्टर-सिंगर यांनी दोघांची सांगड घातली, लॅझरस यांनी शेवटचा शब्द सांगितला. गोष्ट म्हणून सुटसुटीत आहे, पण तिच्यात तीन ठिकाणी गफलत होते.

पहिली गफलत क्रमाची. रस्त्यात साप दिसला असं समजा. विल्यम जेम्स यांच्या १८८४ च्या मांडणीत क्रम असा आहे: साप दिसतो, शरीर लगेच बदलतं (दचकणं, मागे सरकणं, छातीत धडधड), आणि या बदलांची होणारी जाणीव म्हणजेच भीती. विद्यार्थी ‘दिसणं’ ही पहिली पायरी गाळतात आणि शरीर आपोआप बदलल्यासारखं लिहितात. शिवाय जेम्स आणि डेन्मार्कचे कार्ल लँग (१८८५) यांचं म्हणणं तंतोतंत एक नव्हतं. लँग यांचा भर रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणावर होता. जेम्स स्नायू, हालचाल, चेहरा, आतडी अशा सगळ्या शरीराबद्दल बोलत होते. ‘जेम्स म्हणजे फक्त हृदयाचे ठोके’ असं लिहिलं की पुढची सगळी टीका चुकीच्या ठिकाणी लागते.

दुसरी गफलत ‘खोडून काढलं’ या शब्दांत आहे. वॉल्टर कॅनन यांनी १९२७ मध्ये पाच आक्षेप घेतले. अंतर्गत अवयवांचा मेंदूशी संबंध तोडला तरी प्राण्यांचं भावनिक वर्तन टिकतं. भीती, राग, ताप, थंडी यांत अवयवांतले बदल सारखेच असतात. अवयवांना संवेदना कमी असते. त्यांचे बदल संथ असतात. आणि अ‍ॅड्रिनॅलिन टोचून तेच बदल घडवले तरी खरी भावना उमटत नाही. यातला संथपणाचा आक्षेप आजही वजनदार आहे. ‘सगळ्या भावनांत शरीर सारखंच’ हा मात्र जसाच्या तसा टिकला नाही. १९८३ मध्ये एकमन, लेव्हनसन आणि फ्रिझन यांना राग आणि भीती यांत हाताच्या तापमानासारख्या बाबतींत फरक आढळले. नंतरच्या अभ्यासांत प्रत्येक भावनेचा एकेक पक्का शारीरिक ठसा काही हाती लागला नाही, त्यामुळे उलट्या टोकालाही जाऊ नका. ‘कॅनन यांनी जेम्स यांच्या मांडणीतल्या कच्च्या जागा दाखवल्या’ हे वाक्य अचूक आहे. कॅनन-बार्ड यांच्या मांडणीत थॅलॅमसच्या (मेंदूच्या आतल्या मध्यभागाच्या) भागातून निघालेले संदेश एकाच वेळी मेंदूच्या बाह्यपटलाकडे आणि शरीराकडे जातात. हा ‘एकाच वेळी’ उत्तरात आला नाही की गुण जातात, आणि ते योग्यच आहे.

तिसरी गफलत सर्वांत मोठी आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबू. शरीरातलं उत्तेजन आणि आपण त्याला लावलेलं कारण मिळून भावना बनते, असं म्हणणाऱ्या शॅक्टर आणि सिंगर यांचा १९६२ चा प्रयोग सगळे सांगतात, पण निकाल फार थोडे वाचतात. मिनेसोटा विद्यापीठातल्या १८४ विद्यार्थ्यांना ‘सुप्रॉक्सिन’ नावाच्या जीवनसत्त्वाचा दृष्टीवर होणारा परिणाम पाहायचा आहे, असं सांगण्यात आलं. प्रत्यक्षात काहींना अ‍ॅड्रिनॅलिन टोचलं, काहींना साधं सलाइनचं पाणी. अ‍ॅड्रिनॅलिन मिळालेल्यांपैकी एका गटाला खरे परिणाम सांगितले (धडधड, हात थरथरणं, चेहरा गरम होणं), एकाला काहीच सांगितलं नाही, एकाला खोटे परिणाम सांगितले (पाय बधिर होणं, खाज, डोकेदुखी). मग खोलीत संशोधकांचाच एक साथीदार आला, जो मजा-मस्ती तरी करायचा किंवा चिडचिड तरी. अपेक्षा अशी की ज्यांना धडधडीचं कारण माहीत नाही ते साथीदाराच्या भावनेत ओढले जातील.

अंशतः तसं झालं. पण फक्त सलाइन टोचलेला गट अनेक मोजमापांवर मध्येच कुठेतरी होता, आणि चिडचिडीच्या खोलीतल्या सहभागींनी स्वतःच्या मनःस्थितीबद्दल ‘राग आला’ असं नोंदवलंच नाही. १९७९ मध्ये मार्शल आणि झिंबार्डो यांनी, आणि स्वतंत्रपणे मॅस्लॅक यांनी, तसाच प्रयोग केला तेव्हा मूळ निकाल मिळाला नाही. कारण न कळलेली धडधड बहुधा अस्वस्थच वाटते, मजेची नाही, असं चित्र पुढे आलं. तेव्हा ‘शरीर कोणतंही, लेबल लावू ती भावना’ असं लिहू नका. सिद्धांताचं टिकलेलं म्हणणं मर्यादित आहे: एका कारणाने आलेलं उत्तेजन दुसऱ्या कारणाच्या खात्यावर जमा होऊ शकतं.

याच चुकीचं समुपदेशनातलं रूप जास्त घातक आहे. ‘छातीत धडधडतंय? त्याला भीती म्हणू नका, उत्साह म्हणा.’ भाषणापूर्वीच्या धडधडीला हे चालेल. बसल्या जागी, कारणाशिवाय, वारंवार धडधड होत असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवा. रक्तातलं लोह कमी असणं, थायरॉइड, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, दिवसभरातला चहा-कॉफीचा मारा, अचानक बंद केलेली औषधं, हे सगळं धडधडीतच बोलतं.

लॅझरस यांच्याबद्दल एकच सूचना. घडणारी गोष्ट आपल्यासाठी काय आहे याच्या मूल्यमापनातून भावना येते, असं ते म्हणतात. पण हे ‘मूल्यमापन’ म्हणजे शांत बसून केलेला विचार नव्हे. रॉबर्ट झायन्स यांनी १९८० मध्ये ‘आवडनिवड विचाराआधी येऊ शकते’ अशी बाजू मांडली आणि दोघांत अनेक वर्षं वाद चालला. त्यात लॅझरस यांचं उत्तर हेच होतं की मूल्यमापन क्षणार्धात, नकळतही होतं. वादाचा मोठा भाग विचार कशाला म्हणायचं याबद्दल होता. हे न लिहिता ‘झायन्स जिंकले’ किंवा ‘लॅझरस जिंकले’ लिहिणं म्हणजे वाद वाचलाच नाही.

चेहऱ्यावरून मन वाचणे

पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांसोबत काम करून राग, भीती, आनंद, दुःख, किळस आणि आश्चर्य हे भाव संस्कृतीपलीकडे ओळखले जातात असं मांडलं. दोन गोष्टी सोबत ठेवा. या अभ्यासांत बहुधा मोजक्या पर्यायांतून एक निवडायचा असतो, आणि मोकळं उत्तर द्यायला सांगितलं की एकमत घटतं. दुसरं, एकमन स्वतःच ‘प्रदर्शनाचे नियम’ सांगतात: कुठे काय दाखवायचं हे समाज शिकवतो. मुलाखतीत उमेदवाराच्या ओठांच्या कोपऱ्यावरून ‘हा खोटं बोलतोय’ ठरवणाऱ्याला या संशोधनातून परवाना मिळत नाही.

मराठीत आणखी एक जोडणी हमखास होते. एकमन यांचे सहा भाव आणि नाट्यशास्त्रातले आठ स्थायीभाव (रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय) शेजारी मांडून ‘भरतमुनींनी हे आधीच सांगितलं होतं’ असा निष्कर्ष काढला जातो. साम्य आहे आणि ते विचार करायला लावणारं आहे. पण भरतमुनींचा प्रश्न रंगमंचावरच्या प्रयोगातून प्रेक्षकाला रसाचा अनुभव कसा येतो हा आहे. एकमन यांचा प्रश्न अनोळखी माणसाचा चेहरा दुसरा माणूस ओळखू शकतो का, हा. नाट्यशास्त्राला त्याच्या स्वतःच्या प्रश्नासह वाचलं तर ते कितीतरी जास्त देतं. एकमन यांचा पूर्वज म्हणून वाचलं तर विभाव (भाव जागवणारी कारणं), अनुभाव (त्याची बाहेर दिसणारी लक्षणं), व्यभिचारी भाव (येत-जात राहणारे भाव) ही सगळी श्रीमंती बाहेर राहते.

मॅस्लो यांच्या नावावर पिरॅमिड

माणसाच्या गरजांची उतरंड मांडणाऱ्या अब्राहम मॅस्लो यांच्या १९४३ च्या लेखात पिरॅमिडची आकृती नाही. ती नंतर व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी रूढ केली आणि तिच्यासोबत एक चुकीची समजूत आली: खालचा थर पूर्ण भरल्याशिवाय वरचा सुरूच होत नाही. मॅस्लो यांनी त्याच लेखात उलट उदाहरण दिलं आहे. सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मवास्तवीकरणाची (स्वतःतल्या क्षमता पुरेपूर फुलवण्याची) गरज १० टक्के भागलेली असू शकते, असं ते म्हणतात. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. ‘मॅस्लो यांच्या सर्वेक्षणानुसार’ असं लिहिलं तर नवी चूक होते. क्रम उलटणारी माणसंही त्यांनी नोंदवली आहेत, उदाहरणार्थ मूलभूत गरजा भागलेल्या नसतानाही सर्जनाकडेच ओढली जाणारी. त्यामुळे ‘पगार कमी आहे तोवर या कामगारांना सन्मानाचं काय?’ हे वाक्य मॅस्लो यांच्या नावावर खपवू नका. सन्मानाची भूक पोटाच्या भुकेसोबतच असते.

‘बक्षीस दिलं की आवड मरते’

हे अर्धं खरं आहे, आणि म्हणून जास्त त्रासदायक. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढण्याची आधीपासून आवड असलेली ५१ बालवाडीची मुलं घेतली. एका गटाला आधीच सांगितलं: चित्र काढलंस की सोनेरी तारा आणि रिबिन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला ते काहीही न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर पहिल्या गटाची मुलं ८.६ टक्के वेळ चित्रांना देत होती, अचानक बक्षीस मिळालेली १८.१ टक्के आणि बक्षीस न मिळालेली १६.७ टक्के.

आता अटी मोजा. आवड आधीपासून होती. बक्षीस आधी जाहीर केलेलं होतं. ते हातात घेता येणारं होतं. आणि ते चित्र कसं आहे यावर नव्हे, फक्त काढलं यावर मिळणार होतं. यातली एखादी अट बदलली की निकाल बदलतो. अचानक मिळालेल्या बक्षिसाने काही बिघडलं नाही, हे तर याच प्रयोगात दिसतं. डेसी, कोएस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा आधी ठरवलेल्या वस्तुरूप बक्षिसांचा तोटा दिसला, पण शाब्दिक कौतुकाने आवड वाढते असं आढळलं (लहान मुलांपेक्षा कॉलेजच्या विद्यार्थ्यांत हा फायदा अधिक स्पष्ट होता).

घरासाठी याचा अर्थ असा. ज्या कामात मुलाला काडीचाही रस नाही, तिथे मरायला आवडच नसते. सुरुवात करून द्यायला छोटं बक्षीस वापरता येतं. पंधरा-वीस दिवसांत काम जमायला लागलं की बक्षिसाचं अंतर वाढवत न्या आणि त्या जागी नेमकी माहिती देणारं कौतुक आणा: ‘हातचा घ्यायला आज एकदाही विसरला नाहीस.’ ‘हुशार आहेस’ यातून मुलाला पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. आणि जे मूल न सांगता वाचत बसतं त्याच्या वाचनाला पानामागे पैसे लावू नका. हीच ती जागा जिथे मूळ प्रयोगाचा इशारा लागू पडतो.

प्रेरणा कमी आहे असं समजून चुकीच्या ठिकाणी जोर लावणे

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला पालक, मित्र आणि व्याख्याते एकच औषध देतात: ‘मेहनत वाढव, सकारात्मक राहा.’ व्हिक्टर व्रूम यांचा १९६४ चा अपेक्षा सिद्धांत इथे फार कामाचा आहे, पण तो बहुतेक वेळा बेरजेसारखा शिकवला जातो. तो गुणाकार आहे. तीन पदं आहेत. मी मेहनत केली तर कामगिरी होईल का? कामगिरी झाली तर हवं ते फळ मिळेल का? आणि त्या फळाचं मला मोल किती? तिन्हींपैकी एक शून्याजवळ गेलं की बाकीची दोन कितीही मोठी असली तरी गुणाकार शून्याजवळच जातो.

त्यामुळे उपाय करण्याआधी तीन वेगवेगळे प्रश्न, वेगवेगळ्या वेळी, विचारा. ‘रोज आठ तास बसलास तर पूर्वपरीक्षेचे गुण वाढतील असं तुला वाटतं का?’ इथे ‘नाही’ आलं तर अडचण अभ्यासपद्धतीची किंवा पायाच्या कच्चेपणाची आहे. मागच्या चाचण्यांतल्या चुका विषयवार मोजा आणि एका विषयात आठवडाभरात दिसेल अशी सुधारणा घडवा. ‘गुण वाढले तर पद मिळेल असं वाटतं का?’ इथे अडकलं असेल तर मुलगा जागांची संख्या, रखडलेली भरती आणि वय यांचा हिशोब करतो आहे. हा हिशोब वास्तवातला आहे, त्याला व्याख्यान चालत नाही. समांतर पर्याय आणि थांबण्याची तारीख ठरवणं एवढंच इथे कामाचं. ‘मिळालं तर तुला हवं आहे का?’ याचं उत्तर घरच्यांसमोर देऊ नका असंच त्याला सांगा, एकट्याशी बोला.

या शेवटच्या प्रश्नाशी डेसी आणि रायन यांचा स्वयंनिर्धारण सिद्धांत येऊन भिडतो, आणि तिथेही एक ठरलेली चूक आहे. स्वायत्तता म्हणजे घरच्यांचं न ऐकणं, असा अर्थ लावून ‘हा सिद्धांत आपल्याकडे लागू नाही’ म्हटलं जातं. त्यांच्या मांडणीत स्वायत्तता म्हणजे कृतीला मनापासून संमती असणं. आईच्या सांगण्यावरून नर्सिंगला गेलेली मुलगी ते काम मनाने स्वीकारून करत असेल तर ती स्वायत्तच आहे. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने, आतून स्वतःलाच टोचत केलेला अभ्यास मात्र बाहेरून कितीही स्वतःहून केलेला दिसला तरी नियंत्रितच राहतो.

हर्झबर्ग यांच्या कामातल्या समाधानाबद्दलच्या द्विघटक सिद्धांताबाबत थोडक्यात. पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० लेखापाल आणि अभियंत्यांच्या मुलाखतींवर आधारलेलं हे १९५९ चं काम. असमाधानाच्या विरुद्ध समाधान नसतं, फक्त ‘असमाधान नसणं’ असतं, हा त्याचा गाभा. म्हणून वेळेवर पगार आणि चालू पंखे देऊन कामात जीव ओतला जाईल अशी अपेक्षा करू नका, आणि ते न देता ‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ असा फोटोही लावू नका. यश सांगताना माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयश सांगताना परिस्थितीकडे बोट दाखवतो, त्यामुळे मुलाखतीची पद्धतच हा दुभंग फुगवते, ही टीका उत्तरात आलीच पाहिजे.

मॅक्लेलंड यांची संपादन प्रेरणा (काम अधिक चांगलं करून दाखवण्याची ओढ) म्हणजे मोठी महत्त्वाकांक्षा किंवा धाडस, ही समजूतही पुसायला हवी. रिंग फेकण्याच्या खेळात ही प्रेरणा जास्त असलेली माणसं फार जवळूनही फेकत नाहीत आणि फार लांबूनही नाही. जमेल की नाही हे स्वतःच्या कौशल्यावर ठरेल असं मधलं अंतर निवडतात. १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या उद्योजकांना मॅक्लेलंड यांनी दिलेलं प्रशिक्षण याच सवयीभोवती बांधलेलं होतं: मध्यम जोखीम, स्वतः ठरवलेलं लक्ष्य, लवकर मिळणारा निकाल.

ताणाचे तीन टप्पे कॅलेंडरवर बसवणे

हान्स सेली यांचं १९३६ चं ‘नेचर’मधलं छोटं पत्र उंदरांवर होतं. थंडी, शस्त्रक्रियेची इजा, औषधाचा अतिरेक, काहीही केलं तरी तीन बदल दिसले: अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या झाल्या, थायमस आणि लसिका ऊती आक्रसल्या, पोटात व्रण पडले. त्यातून इशारा, प्रतिकार आणि शक्तिपात हे टप्पे आले. ‘सोमवारी इशारा, बुधवारी प्रतिकार, शुक्रवारी शक्तिपात’ अशी उदाहरणं देऊ नका. शक्तिपात म्हणजे आठवड्याचा शीण नव्हे. त्या टप्प्यावर प्राणी आजारी पडत होते, मरत होते. दुसरं, शक्तिपातात संप्रेरकं ‘संपतात’ हे जुनं स्पष्टीकरण आता धरलं जात नाही. प्रतिसाद दीर्घकाळ चालू राहणं हेच शरीराची झीज करतं, असं आज मानतात. अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम काही सेकंदांत दिसतो, तर कॉर्टिसोलची पातळी साधारण २० ते ३० मिनिटांनी वर पोचते, हा वेळेचा फरकही लक्षात ठेवा. आणि अल्सर दिसला की ‘ताणाने झाला’ म्हणून सोडू नका: हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या शोधाला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं आहे. अल्सर असल्यास या जिवाणूची तपासणी करून उपचार होतात.

सामना करण्याच्या पद्धतींबद्दलची चूक लॅझरस आणि फोकमन (१९८४) यांच्या नावावर होते. समस्याकेंद्री पद्धत चांगली, भावनाकेंद्री वाईट, अशी वाटणी त्यांनी केलेली नाही. परिस्थिती बदलण्याजोगी आहे का, यावर पद्धत ठरते. थकलेला कर्जाचा हप्ता असेल तर बँकेशी बोलणं, हप्ते पुन्हा बांधून घेणं आधी. तिथे नुसता दीर्घ श्वास उपयोगाचा नाही. घरातल्या माणसाच्या मृत्यूनंतर मात्र ‘कामाला लाग’ असा समस्याकेंद्री सल्ला क्रूर ठरतो. तसंच ‘प्राथमिक’ आणि ‘द्वितीयक’ मूल्यमापन हे महत्त्वानुसार लावलेले पहिले-दुसरे क्रमांक नव्हेत. माझ्यासाठी यात काय पणाला लागलं आहे हा एक प्रश्न, आणि मला काय करता येईल हा दुसरा. दोन्ही एकमेकांना बदलत राहतात.

प्रश्नावलीतला आकडा

प्रत्यक्ष नुकसान सर्वांत जास्त इथे होतं.

होम्स आणि राहे यांच्या आयुष्यातल्या ताणदायक घटनांच्या १९६७ च्या यादीत ४३ घटना आहेत, प्रत्येकीला ठरलेले गुण. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, सुट्टी १३. मागच्या वर्षभरातल्या घटनांची बेरीज ३०० च्या वर गेली की ‘आजारपण येणारच’ असं सांगितलं जातं. राहे यांनीच अमेरिकी नौदलाच्या अडीच हजारांहून अधिक नौसैनिकांवर केलेल्या अभ्यासात गुण आणि पुढचं आजारपण यांतला सहसंबंध सुमारे ०.१२ निघाला. वर्ग केला तर आजारपणातल्या फरकाचा दीड टक्काही हा आकडा सांगत नाही. समूहाच्या पातळीवर तो काहीतरी दाखवतो; समोरच्या एका व्यक्तीचं भविष्य सांगायला तो अजिबात पुरत नाही. शिवाय त्या यादीत नाताळ आहे, मुलीच्या लग्नाची जबाबदारी नाही. भारतीय परिस्थितीसाठी गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ५१ घटनांची यादी तयार केली. तीत जोडीदाराच्या मृत्यूला ९५ गुण आहेत, आणि मुलीचं किंवा अवलंबून असलेल्या बहिणीचं लग्न, मूल नसणं, मुलगा नसणं अशा घटनाही आहेत. प्रकल्पासाठी यादी निवडताना आधी ती पाहा.

शेल्डन कोहेन यांची जाणवलेल्या ताणाची दहा प्रश्नांची मोजपट्टी महाविद्यालयीन प्रकल्पांत सर्रास वापरली जाते आणि सर्रास चुकते. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ० ते ४०, काळ मागचा एक महिना. प्रश्न क्रमांक ४, ५, ७ आणि ८ सकारात्मक आहेत. त्यांचे गुण उलटे करायचे: ० चे ४, १ चे ३, २ तसाच, ३ चा १, ४ चे ०. हे विसरलं तर काय होतं ते पाहा. एका निवांत व्यक्तीने सहा नकारात्मक प्रश्नांना १ आणि चार सकारात्मक प्रश्नांना ३ दिले. योग्य बेरीज ६ अधिक ४, म्हणजे १०. उलट न करता केली तर ६ अधिक १२, म्हणजे १८. निवांत माणूस ‘मध्यम ताण’ गटात जाऊन बसला. चौदा प्रश्नांची आवृत्ती वापरत असाल तर उलटे करायचे क्रमांक ४, ५, ६, ७, ९, १० आणि १३ आहेत. दोन आवृत्त्यांचे क्रमांक मिसळले की संपूर्ण माहिती वाया जाते.

आणखी तीन जागा तपासा. भाषांतर यंत्रावर करून लगेच वाटू नका. एकाने मराठीत आणावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत न्यावं, मग दोन्ही इंग्रजी मजकूर जुळवावेत आणि दहा-बारा जणांकडून वाचून घ्यावं. परीक्षेच्या आठवड्यात भरून घेतलेले गुण सुट्टीतल्या गुणांशी ताडू नका. आणि ‘२७ च्या वर म्हणजे आजार’ असं अहवालात लिहू नका. ही मोजपट्टी निदानासाठी बनवलेलीच नाही. ० ते १३, १४ ते २६, २७ ते ४० हे गट सोयीसाठी वापरले जातात.

फॉर्म गोळा करण्याआधी एक व्यवस्था करून ठेवा. कुणी समासात किंवा बोलताना जगण्याचा कंटाळा, स्वतःला इजा करण्याचा विचार सांगितला तर गुण मोजत बसू नका. त्याच दिवशी, एकांतात, सरळ विचारा: ‘मरून जावं असं वाटतं का? कसं करायचं हे ठरवलं आहे का?’ थेट विचारल्याने असे विचार डोक्यात भरवले जात नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, विश्वासातल्या नातेवाइकाला बोलावून घ्या आणि जवळच्या रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रश्नावलीच्या पहिल्या पानावरच, ठळक अक्षरांत छापा, म्हणजे जो काहीही न बोलता फॉर्म परत देईल त्याच्याही नजरेखालून तो जाईल.